थकबाकीच्या लिलावातून घर, प्लॉट किंवा जमीन घेताना: जाहीरनाम्यापासून सातबाऱ्यापर्यंत

महाराष्ट्रात शेतसारा, घरपट्टी, बिल्डरवरची रेराची (गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाची) वसुली, साखर कारखान्याने थकवलेली उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर), गौण खनिजाचा दंड अशा कितीतरी बाक्यांपोटी स्थावर मालमत्ता जप्त होऊन जाहीर लिलावात येते. किंमत बाजारभावापेक्षा कमी दिसते. विकणारं सरकार आहे, म्हणजे कागद स्वच्छच असणार, असं गृहीत धरून लोक आयुष्याची पुंजी घेऊन बोलीला उभे राहतात. इथेच घात होतो. तहसीलदार किंवा महापालिका ती मालमत्ता मालक म्हणून विकत नसतात. बाकीदाराचा तिच्यात जो काही हक्क असेल तो ते विकतात, आणि तो हक्क नेमका किती हे तपासणं पूर्णपणे बोली लावणाऱ्याच्या गळ्यात असतं. त्यामुळे या लेखात लिलावाच्या दिवसापेक्षा त्याआधीच्या महिन्यावर जास्त भर आहे.

आधी बघा, बाकी कसली आहे

जाहीरनामा हातात आला की बहुतेकांची नजर सरळ हातच्या किमतीवर, म्हणजे बोलीच्या किमान रकमेवर, जाते. त्याआधी वसुलीचं कारण आणि कायद्याचं कलम वाचा. समजा, त्यात असं लिहिलंय:

«महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १८१ अन्वये, बाकीदार यांचेकडील येणे रकमेच्या वसुलीपोटी, त्यांचा खालील मिळकतीमधील हक्क, अधिकार व हितसंबंध जसे आहे, जेथे आहे या तत्त्वावर जाहीर लिलावाने विक्री करण्यात येत आहे.»

या एका वाक्यात सगळं येऊन गेलं. «हक्क, अधिकार व हितसंबंध» म्हणजे बाकीदाराचं जे होतं तेवढंच तुम्हाला मिळणार. त्याने बँकेकडे गहाण ठेवलं असेल तर गहाणासकट. सात भावंडांत त्याचा एक सप्तमांश हिस्सा असेल तर तेवढाच, तोही सरस-निरस वाटप न झालेला. «जसे आहे, जेथे आहे» म्हणजे पुढे भाडेकरू निघाला, बांधकाम अनधिकृत ठरलं, वीजबिल थकलेलं सापडलं, तर सरकारकडे तक्रार घेऊन जाता येणार नाही.

याच संहितेचं कलम ७२ मात्र वेगळं आहे. एखाद्या जमिनीचा स्वतःचाच जमीन महसूल थकला असेल तर तो त्या जमिनीवरचा सर्वोच्च बोजा असतो. त्यापोटी भोगवटा, म्हणजे जमीन धारण करण्याचा हक्क, सरकारजमा करून विकला, तर आधीच्या भोगवटादाराने निर्माण केलेल्या बोज्यांपासून मुक्त अशी विक्री करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने ही सर्वांत भक्कम विक्री. पण शेतसाऱ्याची रक्कम इतकी किरकोळ असते की असे लिलाव आजकाल क्वचितच होतात.

आज जाहिरातींत दिसणारे लिलाव बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे असतात. मूळ देणं जमीन महसुलाचं नसतं, पण कायद्याने ते «जमीन महसुलाची थकबाकी म्हणून» वसूल करायची मुभा असते. महारेराने बिल्डरविरुद्ध काढलेली वसुली वॉरंटं किंवा साखर आयुक्तांनी कारखान्यावर काढलेली वसुली प्रमाणपत्रं याच वाटेने जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात. कलम १६९ प्रमाणे अशा रकमांना फक्त विनातारण देण्यांच्या आधी प्राधान्य मिळतं. तारण घेऊन बसलेली बँक त्यांच्या पुढेच राहते. कागदावर दोन्ही लिलाव सारखेच दिसतात, तहसीलदारांचा शिक्काही तोच असतो. खरेदीदाराच्या पदरात काय पडणार, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

महापालिकेचा लिलाव असेल तर

घरपट्टीच्या बाकीपोटी महापालिका आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग अटकावणीचं (जप्तीचं) वॉरंट आणि शेवटी विक्री अशा पायऱ्यांनी जातात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ नुसार मालमत्ता कर हा जमीन महसुलाच्या खालोखाल त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती (दंड) चढते, त्यामुळे जुनी बाकी बघता बघता फुगते.

इथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे कर आकारणीचा उतारा. त्यावरचं नाव मालकीचा पुरावा नसतं. महापालिका कर लावते तेव्हा ती मालकी ठरवत नाही. जागा कोणाच्या वापरात आहे, कोणाच्या नावाने नोंद झाली आहे यावरून बिल जातं. त्याहून गंभीर बाब म्हणजे अनधिकृत बांधकामालाही कर लागतो. कलम २६७-अ खाली त्यावर वेगळी शास्ती आकारली जाते आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. म्हणजे ज्या महापालिकेने इमारत लिलावात विकली, तिचाच अतिक्रमण विभाग उद्या पाडकामाची नोटीस घेऊन दारात उभा राहू शकतो. तेव्हा बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नगररचना किंवा बांधकाम विभागातून स्वतंत्रपणे काढा. कर विभागाच्या टेबलावर यांपैकी एकही कागद मिळत नाही.

मोकळ्या प्लॉटचा लिलाव असेल तर गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले छोटे तुकडे), अकृषिक परवानगी आणि विकास आराखड्यातलं आरक्षण बघितल्याशिवाय अनामत भरू नका. झोन दाखला मिळायला फार दिवस लागत नाहीत. खेळाच्या मैदानाचं आरक्षण असलेला प्लॉट अर्ध्या किमतीतही महागच.

बँक, रेरा आणि दिवाळखोरी

मोठ्या किमतीच्या मिळकतीवर बँकेचं कर्ज नाही, असं फार कमी वेळा आढळतं. सरफेसी कायद्याचं (बँकांना तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम २६-ई २४ जानेवारी २०२० पासून लागू झालं. सरसाई या केंद्रीय नोंदवहीत तारण नोंदवलेल्या बँकेला सरकारी करांच्याही आधी पैसे मिळतात, असं ते सांगतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात विक्रीकराच्या बाकीसंदर्भात हेच स्पष्ट केलं. याचा तुमच्यापुरता अर्थ असा: तहसीलदारांकडून लिलावात जागा घेतली आणि तिच्यावर बँकेचं नोंदणीकृत गहाण निघालं, तर बँक तीच जागा सरफेसीखाली ताब्यात घ्यायला येऊ शकते. सरसाईच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून शोध घेता येतो. तो घ्याच, आणि नोंद सापडली तर बँकेच्या वसुली शाखेत जाऊन येणं किती आहे ते विचारा.

बाकीदार कंपनी असेल तर ती राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीत गेली आहे का, ते बघा. एकदा स्थगिती लागली की वसुलीची कारवाई पुढे जाऊ शकत नाही आणि तुमची अनामत अडकून पडते.

बिल्डरच्या मिळकतीत आणखी एक पदर असतो. ज्या फ्लॅटचा किंवा जमिनीचा लिलाव आहे त्यावर आधीच कोणाचा नोंदणीकृत करारनामा झालेला असू शकतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या व्यवहारांचा तपशील देणारा उतारा) काढून गावाच्या आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबरच्या नावाने वर्षावर्षाने शोध घ्या. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून करून घ्या. त्याला काही हजार रुपये लागतील, ते वाचवू नका.

शेतजमीन असेल तर तुम्ही घेऊ शकता का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईतले नोकरदार अनेकदा विचारतच नाहीत. लिलाव सरकारी असल्याने शेतकरी असण्याची अट लागू नाही, असं सर्रास सांगितलं जातं. कूळकायद्याचं कलम ६३ वाचा: बिगरशेतकऱ्याला केलेली विक्री अवैध ठरते, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीपोटी झालेली विक्रीही त्यात कंसात स्पष्ट शब्दांत धरलेली आहे. हा कायदा पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशाचा. विदर्भात १९५८ च्या कूळकायद्याचं कलम ८९ आणि मराठवाड्यात हैदराबाद कूळकायद्याचं कलम ४७ तेच काम करतं. शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमिनीच्या बोलीत पडू नका.

सातबाऱ्यावर «भोगवटादार वर्ग २» असेल, इतर हक्कांत कुळाचं नाव असेल, इनाम-वतनाचा शेरा असेल, किंवा मूळ खातेदार आदिवासी असेल, तर प्रत्येकाला वेगळी परवानगी लागते. काही बाबतींत हस्तांतरणच होत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे: बिगरआदिवासीने तिकडे वळूच नये. कायद्याच्याही दृष्टीने नाही आणि न्यायाच्याही नाही.

फाईल बघितल्याशिवाय बोली नाही

जाहीरनामा चिकटवल्यापासून स्थावर मालमत्तेच्या विक्रीपर्यंत किमान तीस दिवस जावे लागतात. रविवारी किंवा सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी विक्री करता येत नाही. हा महिना तुमच्या हातात असतो. पहिल्याच दिवशी तहसील कार्यालयात वसुलीचं काम बघणाऱ्या नायब तहसीलदारांना किंवा अव्वल कारकुनाला भेटा आणि फाईल पाहू देण्याची लेखी विनंती द्या. त्याच दिवशी माहिती अधिकारात अभिलेख पाहणीचा अर्जही टाका. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून तो नंतरवर ढकलू नका.

फाईलमध्ये काय बघायचं? मागणीची नोटीस खरोखर बजावली गेली का, पोहोच आहे का. जप्तीचा आदेश आणि पंचनामा आहे का, पंचांच्या सह्या आहेत का. जाहीरनामा चावडीवर, तहसीलमध्ये आणि प्रत्यक्ष मिळकतीवर लावल्याचा अहवाल आहे का. मूल्यांकन कोणी आणि कधी केलं. कोणा तिसऱ्या माणसाने हरकत घेतली होती का आणि तिचा निकाल काय लागला.

आणि एक गोष्ट जिच्याकडे भल्याभल्यांचं लक्ष जात नाही: बाकीदार हयात आहे का? खातेदार वारला, वारसनोंद झाली नाही आणि नोटिसा मृताच्याच नावाने निघत राहिल्या, असं गावोगाव घडतं. मग मुंबईत राहणारी मुलगी वर्षभराने येऊन लिलावालाच आव्हान देते, आणि तिची बाजू भक्कम असते. नोटिशीवरची तारीख आणि मृत्यूची तारीख गावातल्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, ताडून बघा. प्रक्रियेतली प्रत्येक त्रुटी उद्या तुमच्याच विरोधात वापरली जाणार आहे.

त्यानंतर जागेवर जा. चतुःसीमा जाहीरनाम्याशी जुळतात का ते पाहा. आत कोण राहतं, कधीपासून, कोणाला भाडं देतं, हे शेजाऱ्यांना विचारा. पागडीचा भाडेकरू असेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला तुमच्याविरुद्धही मिळतं. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सचिवाकडून थकीत देखभाल खर्चाचा आकडा लेखी घ्या. महावितरणचं बिलही बघा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात म्हटलं आहे की, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर नवी जोडणी देण्याआधी जुनी बाकी लिलावातल्या खरेदीदाराकडूनही मागता येते. बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडवर ही बाकी लाखांत असू शकते.

जुन्या घरपट्टीबद्दल बरेचजण १९७१ च्या अहमदाबाद महापालिकेच्या निकालाचा आधार सांगतात. बाकीची माहिती नसलेल्या प्रामाणिक खरेदीदारावर करबोज्याचा भार टाकता येत नाही, असं त्यात ठरलं होतं. पण आज जाहीरनाम्यातच «सर्व देणी खरेदीदाराची» असं छापलेलं असतं. ते वाचून बोली लावल्यावर माहिती नव्हती असं म्हणता येत नाही.

बोलीचा दिवस आणि पैशांचं गणित

नावनोंदणीला आधार, पॅन, अनामत रकमेचा धनाकर्ष किंवा ऑनलाइन भरणा, आणि कंपनी असेल तर ठराव लागतो. लिलाव ऑनलाइन असेल तर संकेतस्थळावरची नोंदणी आणि डिजिटल स्वाक्षरी दोन-चार दिवस आधीच उरकून ठेवा.

एक लक्षात ठेवा: बोली संपेपर्यंत बाकीदाराने सगळी बाकी खर्चासह भरली तर विक्री तिथेच थांबते. हे वारंवार होतं, विशेषतः महापालिका शास्ती माफीची अभय योजना आणते तेव्हा. ऐनवेळी लिलाव रद्द झाला म्हणून चिडू नका. जप्तीचा खरा हेतू वसुली हाच असतो आणि कोणाचं घर वाचलं तर ते चांगलंच.

आपली कमाल बोली घरी बसून ठरवा, कागदावर लिहा आणि तिथे तिच्यावर एक रुपयाही जाऊ नका. गणित असं मांडा. समजा एका फ्लॅटसाठी तुम्ही ४६ लाखांपर्यंत जायचं ठरवलं. बोली मान्य होताच २५ टक्के, म्हणजे साडेअकरा लाख, तिथल्या तिथे भरावे लागतात. उरलेले साडेचौतीस लाख जाहीरनाम्यातल्या मुदतीत. वर मुद्रांक शुल्क शहरी भागात सहा-सात टक्के, म्हणजे साधारण तीन लाख. सोसायटीची आणि विजेची बाकी, वकील, दुरुस्ती, आणि ताबा लांबला तर वर्षभराचं व्याज. हे सगळं धरून आजूबाजूच्या खऱ्या खरेदी-विक्रीच्या भावापेक्षा निदान पाचवा हिस्सा स्वस्त पडत नसेल, तर साधी खरेदी केलेली बरी. तुलना रेडी रेकनरशी करू नका, सूची २ मधल्या अलीकडच्या व्यवहारांशी करा.

बँकेचं कर्ज मिळेल या भरवशावर बोली लावणं फार धोक्याचं आहे. विक्री कायम होऊन प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तुमच्याकडे तारण द्यायला काहीच नसतं, त्यामुळे बँका हात आखडता घेतात. आणि मुदतीत पैसे भरले नाहीत तर ठेव सरकारजमा होते, फेरलिलाव होतो, आणि त्यात किंमत कमी आली तर फरकाची रक्कम तुमच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. बाकीदाराच्या रांगेत मग तुम्हीच जाऊन बसता.

लिलावाच्या ठिकाणी «आमच्याशी ठरवून घ्या, आम्ही बोली लावत नाही» म्हणणारी मंडळी भेटतात. त्यांच्याशी बोलू नका. संगनमताचा संशय आला तर विक्री रद्द होण्याचं ते एक सबळ कारण ठरतं. वसुलीशी संबंधित कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या नावाने दुसऱ्या कोणाला बोली लावता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कोणीच बोली लावली नाही तर जमीन महसूल संहितेच्या कलम २२० खाली सरकार एक रुपयाच्या नाममात्र बोलीने जमीन घेऊ शकतं. अशा «आकारी पड» जमिनी बाकी भरून सोडवून घ्यायला मूळ खातेदाराला बारा वर्षांची मुदत असते. त्या काळातही ज्या सुटल्या नाहीत, त्या मूळ खातेदारांना किंवा वारसांना परत देण्यासाठी कलमात दुरुस्ती करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. कोणी एजंट «आकारी पड जमीन स्वस्तात मिळवून देतो» म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या जमिनीवर पहिला हक्क ज्या घराण्याने ती गमावली त्याचा आहे.

बोली जिंकल्यानंतरचे तीस दिवस

या काळात मिळकत तुमची झालेली नसते. बाकीदार किंवा मिळकतीत हितसंबंध असलेला माणूस विक्रीपासून तीस दिवसांत सगळी बाकी आणि वर खरेदी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो. ते पाच टक्के तुम्हाला मिळतात. वरच्या उदाहरणात दोन लाख तीस हजार. प्रक्रियेतली गंभीर चूक किंवा फसवणूक दाखवून विक्री रद्द करण्याचा अर्जही याच तीस दिवसांत करता येतो. दोन्ही नाही झालं तर जिल्हाधिकारी विक्री कायम करण्याचा आदेश काढतात. या महिन्यात जागेत रंगकाम, दुरुस्ती, कुलूप बदलणं यांपैकी काहीही करू नका आणि जागा पुढे कोणाला विकण्याचा शब्दही देऊ नका.

आदेशानंतर विक्री प्रमाणपत्र मिळतं. प्रत हातात पडताच टेबलावरच प्रत्येक अक्षर तपासा: तुमचं नाव, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, विक्री कायम झाल्याची तारीख. नंतर दुरुस्ती करून घ्यायला महिनोन्महिने जातात.

नोंदणीबद्दल गोंधळ फार आहे. महसूल अधिकाऱ्याने जाहीर लिलावानंतर दिलेल्या विक्री प्रमाणपत्राची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ८९ नुसार ते अधिकारीच त्याची प्रत दुय्यम निबंधकांना पाठवतात आणि ती पुस्तक क्रमांक १ मध्ये लावली जाते. मात्र मुद्रांक शुल्क टळत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद १६ प्रमाणे ते खरेदीखताइतकंच लागतं, आणि पुढे कर्ज काढताना किंवा विकताना मुद्रांकित प्रमाणपत्रच मागितलं जातं. शुल्क किती यात शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करा. प्रत निबंधक कार्यालयात पोहोचली का, हे आठवड्याभरात स्वतः जाऊन विचारा.

ताबा देणं हे महसूल अधिकाऱ्यांचं काम आहे, पण प्रत्यक्ष तारीख ठरवून घ्यायला पाठपुरावा तुमचाच. ताब्याच्या वेळी पंचनामा, आतल्या सामानाची यादी, फोटो आणि ताबा पावती हे सगळं झालंच पाहिजे. आत भाडेकरू असेल तर मिळतो तो प्रतीकात्मक ताबा, आणि पुढची वाट दिवाणी किंवा लघुवाद न्यायालयातून जाते. अविभक्त हिस्सा घेतला असेल तर वाटपाचा दावा लावावा लागतो. कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा असेल तर त्रयस्थाला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागताच येत नाही. असा हिस्सा मी तरी कोणालाच घ्यायला सांगणार नाही.

शेवटी नोंदी. सातबाऱ्यासाठी प्रमाणपत्र जोडून फेरफाराचा अर्ज करा. हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतींना पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शहरात हाच अर्ज मालमत्ता पत्रकासाठी नगर भूमापन कार्यालयात जातो. जप्तीचा जुना बोजा इतर हक्कांतून कमी करण्याचा वेगळा अर्ज त्याच वेळी द्या, तो आपोआप निघत नाही. मग महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत कर आकारणीचं नाव बदला, सोसायटीत भाग दाखल्यावर नोंद करून घ्या, वीजजोडणी नावावर करा. जाहीरनाम्याचं वर्तमानपत्राचं मूळ पान, अनामतीच्या आणि भरण्याच्या पावत्या, विक्री कायम झाल्याचा आदेश आणि ताबा पंचनामा एका फाईलमध्ये ठेवून त्यांच्या प्रमाणित प्रती आताच काढून घ्या. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून दहा वर्षांनी त्या मिळवणं फार अवघड जातं.